खाटेभोवतीचे शहाणे

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात मी नर्स म्हणून बरीच वर्षं काढली. रोगाची किळस कधी आली नाही. खाटेभोवती जमणाऱ्या शहाण्यांची मात्र आली.

एकदा कनेरगाव नाक्याकडचं एक जोडपं चार वर्षांचं पोरगं घेऊन आलं. पोराला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मान धरत नव्हतं, बोलत नव्हतं, आणि आडवं पाजताना दूध छातीत जाऊन न्यूमोनिया झालेला. भेटीच्या वेळेला नातेवाईक यायचे. आणलेली केळी स्वतःच सोलून खायचे आणि आईची उलटतपासणी घ्यायचे.

"पोटुशी असताना गिऱ्हानात भाजी चिरली असंल हिनं," चुलत सासू म्हणाली.

आई खाली मान घालून पोराची लाळ पुसत राहिली. बाप दाराशी मोबाइल बघत उभा. असला पुरुष म्हणजे दाराला नुसती अडचण.

"ग्रहणाचा काही संबंध न्हाई," मी म्हातारीला म्हणाले. "जन्मताना लेकराच्या मेंदूला इजा झाली. हिची चूक न्हाई. आता व्हा बाहेर."

ती फणफणत गेली. बापही मागोमाग सटकायला लागला.

"तुम्ही कुठं? बसा. भरवायला शिका."

"मी काहून? त्याची माय हाय की."

"मायला जेवून येऊ द्या. सकाळपासून उपाशी आहे ती."

डॉक्टरांनी तोंडानं भरवायला हो म्हटलं होतं. पोराला बापाच्या मांडीवर सरळ बसवलं, मान जराशी पुढं, चमच्याच्या टोकावर घट्ट पेज. गड्यानं पहिल्याच चमच्याला घाई केली. पोरगं ठसकलं, आणि हा घामाघूम.

"सिस्टर, काही होईल का हो याला?"

"घाई केली तर होईल. गिळलं का बघा, मगच दुसरा चमचा."

अर्धी वाटी पेज संपायला बराच वेळ गेला. आई जेवून आली, दोघांकडे बघत दारातच थांबली. मग शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाली आणि तिला लगेच झोप लागली. मी तिला उठवलं नाही.

पुढं तपासणीला बाप एकटाच पोराला घेऊन आला. बाकावर बसून दुसऱ्या एका बापाला ऐटीत सांगत होता, "आडवं न्हाई पाजायचं. हे मी शोधून काढलं." मला पाहूनही थांबला नाही. निर्लज्ज!

पोराचं वजन मात्र वाढलं होतं.

"माय कुठंय?" मी विचारलं.

"माहेरी गेली, भावाच्या लग्नाला. मीच म्हणलं, जा."