'इतर कामगार'

बाळांनो, जनगणनेचे आकडे आता तुम्हाला तिकडे घरबसल्या मिळतात. ते पूर्वी कोण शोधून द्यायचं, हे विसरण्याआधी लिहिते. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात एक कारकून होते. संशोधकांना ते जुने खंड काढून द्यायचे आणि पानाजवळ पेन्सिल दिसली की खेकसायचे, माझ्यावरसुद्धा.

एकदा एक मुलगी प्रबंधासाठी आली. "काका, खाडीवरचे मिठागर कामगार कुठल्याच तक्त्यात नाहीत हो!"

"'इतर कामगार' बघ. माझा आजापण त्यातच असणार," ते हसत म्हणाले. मग तिचीच पेन्सिल घेऊन त्यांनी त्या आकड्याशेजारी लिहिलं, 'यात मिठागरवाले आहेत.'

"काका, पुस्तकात लिहिलंत?"

"लिहिलं नाय, दुरुस्त केलं."

ते आता निवृत्त झालेत. ती ओळ मी परवाच पाहिली, अजून आहे.