ऑपेरा हाऊसमधले बुधवार

गूढ अनुभवांचं हे सदर माझी मुलगी वाचते आणि मग फोनवर मला त्यातले अनुभव सांगते. मी डॉक्टर. इंग्लंडमध्ये जन्मभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलं. गप्पांत असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जायचो... भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय, आणि मी गेल्यावर सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहितोय.

लेस्टरपासून गाडीने तासाभरावर आमचं छोटंसं मार्केट टाउन, म्हणजे बाजाराचं गाव. आजूबाजूला सगळी शेतं आणि मेंढ्या. आणि एवढ्याशा गावात एक चांगलं बाल्कनीबिल्कनी असलेलं ऑपेरा हाऊस! व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका धान्याच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. तेव्हा गावातल्या चॅपलवाल्या कर्मठ ख्रिस्ती मंडळींना 'थिएटर' म्हटलं की वावडं, म्हणून नाव दिलं ऑपेरा हाऊस. खरा ऑपेरा तिथे क्वचितच झाला असेल. फिरत्या कंपन्या रेल्वेने यायच्या, नाटकं, जादूचे प्रयोग, गाणी करायच्या. पुढे रेल्वे बंद पडली, मग तिथे सिनेमा आला, मग बिंगो, म्हणजे आपला तंबोला. दोन हजार सालानंतर आम्ही जायला लागलो तेव्हा गावातले काही पेन्शनर ते हौसेने सांभाळत होते. दर बुधवारी दुपारी हॉल उघडा ठेवायचे आणि बाहेर फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, चहा-केक विकायचे. चहाचं टेबल जोन नावाच्या बाईंकडे असायचं.

त्याच सुमारास माझ्या बायकोला, शुभाला, स्ट्रोक झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. लिहिणंही गेलं. 'हो' म्हणायचं असलं तरी मान भलतीकडेच हलायची. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली बाई... दिवसभर खिडकीत बसून असायची.

एका बुधवारी पाऊस लागला म्हणून आम्ही ऑपेरा हाऊसमध्ये शिरलो. जोनने चहा दिला. शुभाने माझी बाही ओढली, आत जायचं म्हणून. रिकाम्या हॉलमध्ये मधल्या एका रांगेत बसलो. आणि ती म्हणाली,

"अहो, या खुर्च्या किती अरुंद आहेत. पाय आखडले माझे."

अगदी तिच्याच आवाजात. अडखळणं नाही, काही नाही. ती छताकडे बघत, आपल्या मुलीने आता केस वाढवावेत वगैरे बोलत राहिली. मला वाटलं, वाचा परत आली! मुलीला फोन करायला मी तिला घाईघाईने बाहेर आणलं. हॉलचं दार ओलांडलं आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. ओठ मिटले. फोनवर मुलगी "आई, आई" करत राहिली.

स्ट्रोकनंतर बोलता न येणारे पेशंट गाणं म्हणतात, एखादी शिवी देतात, हे मला ठाऊक आहे. हे तसलं नव्हतं. तिची स्पीच थेरपिस्ट हेलन एका बुधवारी मुद्दाम आली. हॉलमध्ये शुभाने तिच्या कार्डांवरच्या सगळ्या चित्रांची नावं इंग्रजीत भराभर सांगितली, वर एक चित्र वाईट काढलंय म्हणून टीकाही केली. तीच कार्डं घेऊन फॉयरमध्ये आलो... एकही नाव नाही. हेलनने कार्डं पिशवीत भरली. मग मला म्हणाली की मी हे कुठेही लिहिणार नाहीये, कारण काय लिहायचं तेच मला कळत नाही.

आम्ही दर बुधवारी जायला लागलो. मी आठवडाभर त्या दुपारची वाट बघायचो. शेवटी एकदा धीर करून तिला विचारलं, की शुभा, तू घरी का बोलत नाहीस?

तिने माझ्याकडे चमकून पाहिलं.

"मी बोलत नाही? अहो, मी दिवसभर बोलत असते. तुम्हीच उत्तर देत नाही. मला वाटलं, तुम्ही रागावलाय."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं की मला ऐकूच येत नाही गं, कुणालाच येत नाही. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय." तेवढ्यात बंद करायची वेळ झाली म्हणून जोन आत आली. "असू दे," शुभा म्हणाली, "घाई नाही. पुढच्या बुधवारी सांगते."

त्या आठवड्यात धुवाधार पाऊस झाला आणि हॉलच्या छताचं प्लास्टर कोसळलं. नशीब, आत कुणी नव्हतं. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, दारांना पत्रे ठोकले. मी गेलो, फक्त दहा मिनिटं आत सोडा म्हणून हातापाया पडलो. खरं कारण काय सांगणार? तिथला ऑफिसर भला माणूस होता. म्हणाला, डॉक्टर, छत तुमच्या मिसेसच्या डोक्यावर पडलं तर? त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. जोनने गावात सह्या गोळा केल्या. पण पैसे उभे राहिले नाहीत, इमारत विकली गेली, आत फ्लॅट झाले. एक फ्लॅट बघायच्या निमित्ताने मी शुभाला आत नेलंही. नव्या पांढऱ्या भिंती, नवं कार्पेट. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला काही ऐकू आलं नाही.

पुढे काही वर्षं ती होती. ती बोलतेय, हे आता मला माहीत होतं. म्हणून घरी मी तिच्या समोर बसायचो आणि अंदाजाने उत्तरं द्यायचो. हो, मुलीचा फोन आला होता. नाही, मी रागावलो नाहीये. ते महत्त्वाचं काय ते सांग, मी ऐकतोय. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघायची, एखाद्या परभाषेतल्या माणसाकडे बघावं तशी. मग हळूच खिडकीकडे मान वळवायची... माझं उत्तर चुकलेलं असायचं.

मेंदूचे सगळे रिपोर्ट मी कितीदा तरी वाचले. त्यात काहीही नाही. कुणाला काही ठाऊक असेल तर जरूर कळवा, पण आता उपयोग नाही. ती मला काय सांगणार होती, ते तिने बहुधा मला रोज सांगितलं.