कशाचंच नसलेलं वर्तुळ

आमच्या घरात रुमाल कधी विकत आणले नाहीत. लहान मुलांची झबलीसुद्धा नाहीत. इतकं मऊ कापड कुठलं, असं कुणी विचारलं की सासूबाई ठकुबाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "आमच्या मथुरेच्या हापिसातलं."

मथुराक्का म्हणजे माझी थोरली नणंद. बेंगळूर शहराबाहेरच्या एका कारखान्यात ती ट्रेसर आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. साहेब लोक मशीनच्या भागांचे नकाशे पेन्सिलीनं आखतात. त्यावर निळसर, चकचकीत, कांजी दिलेलं कापड ताणून तेच नकाशे काळ्या शाईत उतरवायचे, हे तिचं काम. शाई सांडली किंवा माप चुकलं की तो तुकडा बाद. बाद तुकडे बायकांनी घरी न्यायला पूर्वी कुणाची हरकत नसे. गरम पाण्यात भिजवून चोळलं की कांजी निघायची, कांजीबरोबर शाई निघायची, आणि हातात मलमलीसारखं कापड राहायचं. माझी दोन्ही मुलं त्या कापडात वाढली.

मथुराक्काला होसकोट्याला दिली होती. वर्षाच्या आत ती माहेरी परतली. का परतली ते तिनं सांगितलं नाही आणि सासूबाईंनी गल्लीत कुणाला विचारू दिलं नाही. चिकपेटेत आमचं शिंप्याचं दुकान. तिथं बसून ती वडिलांना कापडावर खडूनं आखून द्यायची. ती रेघ बघून कारखान्यातल्याच एका गिऱ्हाइकानं तिला नोकरीचं सुचवलं. परत आलेल्या लेकीला जेवायला हाक मारतात. कामावरून येणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवतात. मी या घरात आले तेव्हा मथुराक्काचं ताट झाकलेलं असायचं. नोकरी गेली असती तर ते पुन्हा हाकेवर आलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

सगळे बाद तुकडे धुण्यात येत नसत. काही ती मागं ठेवायची. रविवारी जेवणं उरकली की पाटावर तुकडा ताणायचा आणि कंपास, रेघा आखायचं रूलिंग पेन घेऊन बसायचं. वर्तुळं, तिरक्या पट्ट्या, एकमेकांत घुसलेले त्रिकोण. मग उदबत्तीच्या पुड्यांचे कागद, चहाच्या पुड्यातली चांदी, ब्ल्यू प्रिंटच्या कातरलेल्या कडा, सगळं मैद्याच्या खळीनं चिकटवायची. दोन कागदांच्या मधे सुईच्या जाडीची फट सोडायची, आणि ती फट बरोबर शाईच्या रेघेला जाऊन भिडायची.

आमचे हे तिची चेष्टा करायचे. "दिवसभर पगाराच्या रेघा, रविवारी फुकटच्या रेघा. अक्का, एखादा मोर तरी काढ."

"मोर तू काढ, हंबीर. तुझ्या दुकानातल्या झंपरांवर शोभेल," ती मान वर न करता म्हणायची.

मला त्या चित्रांतलं फारसं कळत नव्हतं. पण सोमवारी ती माझ्याबरोबर गवीगंगाधरेश्वराच्या देवळात यायची. मी गुहेतल्या गाभाऱ्यात जाऊन अभिषेक करून येईपर्यंत ती अंगणात थांबायची. तिथं खांबांवर दगडाच्या प्रचंड चकत्या आहेत, सूर्यपान आणि चंद्रपान. मी तीर्थ घेऊन बाहेर यावं तर ही सूर्यपानासमोर उभी, डोळे चकतीवर नाहीत, तिच्या जमिनीवरच्या सावलीवर. तीर्थ ओंजळीत घ्यायची आणि प्यायचं विसरायची. मी मनाशी धरून चालले होते की हिचा देव अंगणात आहे. म्हणून तिनं सगळ्यांत मोठं चित्र काढलं, एकाच केंद्रातून वर्तुळात वर्तुळ, मधून दोन रेघा आणि खाली एक उभी पट्टी, तेव्हा मी बघताक्षणी ओळखलं. तिला काही विचारलं नाही.

उपेंद्र मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. कोट शिवायला दुकानात आले असताना माप लिहिलेल्या कागदामागं मथुराक्कानं चिकटवलेलं काहीतरी त्यांच्या नजरेला पडलं. मग ते घरी आले आणि पाटाशेजारी मांडी घालून बसले. म्हणाले, असं काम करणारी माणसं बेंगळुरात थोडी आहेत आणि ती आपापल्या घरात लपून करतात. दिवाळीनंतर आम्ही चारपाच जण एक हॉल घेतोय, तुमची चित्रं द्या. मथुराक्का हो म्हणाली. नकाशाच्या कोपऱ्यात ट्रेसरचं नुसतं आद्याक्षर असतं, नाव साहेबाचं. या चित्रांवर तिनं पहिल्यांदा पूर्ण नाव घातलं. त्या दिवशी तिनं हंबीररावांना मोरावरून स्वतःहून डिवचलं, इतकी ती खुशीत होती.

साल बासष्ट. दिवाळीच्या तोंडावर चीननं हल्ला केला. कारखान्याच्या गेटवर बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला सुरुवात झाली. मथुराक्काच्या डोक्यात हे आलंच नाही. सुटी झाल्यावर उपेंद्र मास्तर बस स्टॉपवर भेटणार होते, म्हणून ती चित्रांची गुंडाळी सकाळीच बरोबर घेऊन गेली. आत जाताना कुणी विचारलं नाही. बाहेर येताना शिपायानं उलगडली. आत ट्रेसिंगचं कापड, कापडावर काळ्या शाईत वर्तुळं आणि रेघा. त्यानं तरी दुसरं काय समजायचं? गुंडाळी ठेवून घेतली आणि चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचे सिक्युरिटी ऑफिसर घरी आले. बसवंत त्यांचं नाव. बेळगावकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी मथुराक्काची ट्रंक पाहिली, पाट पाहिला, खळीची वाटीसुद्धा हुंगून पाहिली. आवाज एकदाही चढवला नाही. मग गुंडाळी चटईवर पसरून समोर बसले. सासूबाईंनी दिलेली कॉफी त्यांनी बाजूला ठेवली.

म्हणाले, ड्रॉइंग ऑफिसात दाखवलं, हे आमच्या कुठल्याच भागाचं नाही असं तिथले म्हणतात. पण वर कळवायचं तर काहीतरी लिहावं लागणार. "अक्का, हे कशाचं आहे एवढं सांगा. मी लिहितो आणि विषय संपवतो."

मथुराक्का चटईवरच्या कापडाची वळलेली कड सारखी करत बसली. मला राहवलं नाही. मी पदर सावरून पुढं झाले आणि मोठ्या चित्रावर बोट ठेवलं. "साहेब, हे आमच्या गवीगंगाधरेश्वराच्या अंगणातलं सूर्यपान आहे. आम्ही दर सोमवारी जातो."

बसवंतांचा चेहरा एकदम सैलावला. त्यांनी चित्राला नकळत हात जोडले. "असं होय. स्वल्प आधी सांगायचं की. देवाचं आहे म्हटल्यावर काय." त्यांनी खिशातून पेन काढलं.

"वहिनी, ते सूर्यपान नाही," मथुराक्का म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या आमच्या यांनी तिच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता उठून बाहेर जातील. बसवंतांचं पेन तसंच राहिलं.

"मग काय आहे?"

"वर्तुळ आहे."

"कशाचं?"

"कशाचंच नाही."

"कशाचंच नसेल," बसवंत हळूच म्हणाले, "तर ते ठेवायचं कशाला?"

मथुराक्कानं मोठं चित्र स्वतःकडं ओढून घेतलं. बसवंतांनी दोन वाटा सांगितल्या. चित्रं वर पाठवली तर चौकशी होईल, ती कधी संपेल सांगता येत नाही, आणि तोवर ड्रॉइंग ऑफिसचं दार बंद. नाहीतर चित्रं नाहीशी व्हायला हवीत, त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांना जाळणं आवडत नव्हतं, दिवस सणाचे होते. त्यावर सासूबाई भिंतीला टेकूनच म्हणाल्या, "धुवून टाका की. कापड तरी होईल."

त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तिची नोकरी वाचत होती आणि कापडही वाया जात नव्हतं.

मथुराक्कानं एवढंच विचारलं, "उद्यापासून कामावर येऊ?"

"सरी, चालेल. या," बसवंत म्हणाले.

बंबातलं पाणी मीच आणून ओतलं. तिनं मला हात लावू दिला नाही. पहिल्यांदा कागद सुटले. उदबत्तीचे लाल, चांदीचे, निळे तुकडे घंगाळात वर आले आणि कडेला जाऊन चिकटले. मग पाणी राखाडी झालं. ती एकेक कापड दोन्ही हातांत धरून अगदी आमच्यासारखंच चोळत होती, घाई न करता. नावही शाईतच होतं. बसवंत तोंड फिरवून तुळशीकडं बघत उभे राहिले. जाताना मात्र त्यांनी थंड झालेली कॉफी उभ्या उभ्या पिऊन टाकली.

कापडं वाळत घालताना मी तिच्यावर चिडले. एक शब्द गिळला असता तर चित्रंही राहिली असती आणि नोकरीही.

ती म्हणाली, "राहिली असती. पण मग ती देवाची झाली असती, वहिनी. पुढचं प्रत्येक वर्तुळ मला त्याचंच काढावं लागलं असतं."

"सगळं त्याचंच असतं."

"मग त्यानं काढावं."

मी कानांवर हात ठेवून आत आले. मी रोज रात्री चार ओळी लिहिते, त्या वहीत त्या दिवशी देवाच्या नावाखेरीज काही लिहिलेलं नाही. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. मला तिथं सूर्यपान दिसलं होतं. पण त्या सोमवारपासून ती माझ्याबरोबर देवळात आली नाही. मी बोलवायची, ती डोकं दुखतंय म्हणायची, मग मी बोलवायचं सोडलं. अंगणात आता मी एकटीच थांबते. सावली सरकताना बघते आणि हात जोडायला क्षणभर उशीर होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

उपेंद्र मास्तर निरोप मिळताच घरी आले. दोरीवर वाळणारी कापडं त्यांनी पाहिली आणि आल्या पावली परत गेले. मथुराक्का बाहेर आलीच नाही. प्रदर्शन भरलं, झालं. तीनेक वर्षांनी ती पुन्हा रविवारची बसायला लागली, पण घरात शाईची बाटली आणली नाही. कागद कातरते, पुठ्ठ्यावर चिकटवते. रेघ हवी असेल तिथं दोन कागदांत फट सोडते. मास्तरांनी त्यांतली काही नेऊन कुठंकुठं लावली. नाव घाला म्हणाले तर ही म्हणते, राहू दे.

धुतलेल्या कापडांचे सासूबाईंनी रुमाल केले. मोठ्या चित्राचा रुमाल हातात घेतला तर मधोमध भोक. एकाच जागी कंपासचं टोक रोवून इतकी वर्तुळं फिरवलेली, धागेच तुटलेले. शिंप्याच्या घरात भोक तसंच कोण ठेवील? त्यांनी पांढरा दोरा ओवला.

"आई, त्याला रफू करू नको," मथुराक्का म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सुई उशीत टोचून ठेवली आणि फक्त कडा दुमडून दिल्या.

तो रुमाल तिच्या पिशवीत असतो. गेटवरची तपासणी अजून चालू आहे. संध्याकाळी शिपाई डबा उघडतो, छत्री झटकतो, रुमाल उलगडून दोन्ही बाजूंनी बघतो, आणि घडी न घालता तिच्या हातात परत देतो.