मुका पाडवा

आमच्या कळंबचा माणूस परदेशात काही बघायला जात नाही. आपण जाऊन आलो हे सांगायला जातो. सांगण्याची तयारी निघायच्या आधीच सुरू होते. चौकात फ्लेक्स लागतो. वर कोपऱ्यात विमान, खाली पासपोर्टच्या मापाचे चेहरे आणि मधे ठळक अक्षरांत 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो असतात तेच बहुतेक वेळा दौऱ्यालाही निघालेले असतात. चौतीस वर्षं मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवला, नकाशावर बोट ठेवून पोरांना अख्खं जग दाखवलं, आणि त्या जगाचं या लोकांनी शेवटी हे असं पोस्टर केलं.

तीन वर्षांपूर्वी त्या फ्लेक्सवर माझाही चेहरा लागला.

बाजारातल्या आडत्यांचा एक घोळका सहकुटुंब बालीला निघाला होता. त्यातलं एक जोडपं ऐनवेळी गळालं. या आडत्यांपैकी दोघांना मी शिकवलेलं आहे. म्हणजे ते माझ्या वर्गात बसत होते, शिकले असं मी म्हणणार नाही. ते विचारायला घरी आले तेव्हा मी दळण आणायला गेलो होतो. पिठाचा डबा घेऊन परत येतो तर बायकोनं 'येतो आम्ही' म्हणून सांगूनही टाकलेलं. छत्तीस वर्षांच्या संसारात मला न विचारता तिनं घेतलेला हा पहिलाच निर्णय. मी चिडलो. ती आत जाऊन शिवणाच्या सामानाचा डबा घेऊन आली आणि त्यातून वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं.

घड्या पडून ते फाटायला आलं होतं. त्यात बालीच्या न्येपीबद्दल लिहिलेलं. तिथल्या नववर्षाला अख्खं बेट एक दिवस गप्प बसतं. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, विमानतळसुद्धा बंद. ते नववर्ष त्या वर्षी आमच्या सहलीच्या दिवसांत, नेमकं आपल्या पाडव्यालाच येत होतं.

बायको आमच्या शेजारच्या वाशी तालुक्यातली, मुंबईकडच्या वाशीची नव्हे. फार बोलणारी नाही. ती म्हणाली, "अहो, सणाला बाईनं चूल पेटवायची न्हाय, कुनाशी बोलायचं न्हाय. असा सण असतो हेच मला ठाव नव्हतं. बाकी तुमी काय बी बघा, न बघा. मला तेवढा एक दिस धड पाळायचाय."

लग्न झाल्यापासून दर पाडव्याला ती पहाटे उठून पुरण शिजवत आली होती. त्यात माझ्याकडं शिकवणीची पोरं, त्यांचे पालक, आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज. मी म्हटलं, बरं, पाळ. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. अवघड जाणार होतं ते आडत्यांना. तोंड बंद ठेवून ज्यांनी आयुष्यात एक पोतं विकलं नाही, ते दिवसभर गप्प कसे बसणार, याची मला आधीच मजा वाटत होती.

हैदराबादहून विमान होतं. ट्रॅव्हलर नळदुर्गला ढाब्यावर थांबली तेव्हा मी सामानाकडं नीट बघितलं. कडक भाकरी, धपाटे, शेंगाची चटणी, लोणच्याच्या बरण्या. सोबत स्वयंपाकाला एक महाराजही घेतलेला. घोळक्याचे म्होरके अण्णा, म्हणजे बाजारातले सगळ्यात मोठे आडते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "सर, तिथलं खानं काय आपल्याला झेपंना. आपलं आपल्याबरूबर असलेलं बरं." मी विचारलं, मग जाता कशाला? ते मनमोकळं हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

बालीत आम्हाला काय दाखवलं ते सांगतो. भाताच्या हिरव्यागार पायऱ्यांवर झोके टांगलेले. तिथं भाड्यानं मिळणारा, मागं दहा हात शेपूट लोंबणारा झगा घालायचा आणि झोक्यावर बसून फोटो काढायचा. तो भात तिथले लोक पाणी वाटून घेऊन, देवळाच्या सल्ल्यानं कसा पिकवतात, हे मी सांगायला लागलो तर माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, जरा बाजूला व्हा, फोटूत येताय." दुसऱ्या एका ठिकाणी देवळाच्या दरवाजात उभं राहायचं, आणि फोटो काढणारा मोबाइलखाली आरसा धरून पुढं तळं असल्याचा देखावा करतो. तळं बिळं काही नाही, खाली नुसता दगड. त्यासाठी आमची मंडळी दोन तास रांगेत होती. कळंबच्या एसटी स्टँडवर ही माणसं पाच मिनिटं रांग धरत नाहीत.

तिथं रोज सकाळी दारादारात पानांची छोटी ताटली ठेवतात. तिच्यात फुलं, चार शितं, उदबत्ती, कधी एखादी गोळी किंवा बिस्कीट. देवाला आणि भुताखेतांनाही. आपल्याकडं उंबऱ्याला हळदकुंकू वाहतात तशातलंच. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं हॉटेलच्या दारातल्या ताटलीतली गोळी उचलली आणि "प्रसाद दिसतोय" म्हणून तोंडात टाकली. मी तिथंच त्याला झाडला. हॉटेलचे नोकर बघायला लागले. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्येला ठाव नव्हतं. हळू सांगितलं असतं तर भागलं असतं."

"चौतीस वर्षं सांगितलंच की," मी म्हणालो.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तिथं राक्षसांचे मोठमोठे पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणूक काढतात. प्रचंड गोंगाट. सगळी भुतं जागी करून हाकलायची आणि दुसऱ्या दिवशी इतकं चिडीचूप राहायचं की बेटावर माणूसच नाही असं त्यांना वाटावं. आमच्या मंडळींना ती मिरवणूक फारच आवडली, नाचलेसुद्धा. परत आल्यावर बायको म्हणाली, "उद्या बोलायचं न्हाय बरं का."

"मला काय सांगतेस? त्या आडत्यांना सांग."

बाकीच्या बायका एका खोलीत गप्पा मारत जमल्या होत्या, ती खरंच उठून तिकडं गेली. अर्ध्या तासानं आली आणि झोपली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणालो आणि दिवा मालवला.

सकाळी जाग आली ती आवाजानं नव्हे, तो नसल्यानं. गाड्या नाहीत, घंटा नाही, फोनला नेट नाही. पडदे ओढून घ्यायचे, हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढंच आम्हाला बजावलेलं होतं. बायको माझ्या आधीच उठून खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. पाय वर घेतलेले, हात मांडीवर रिकामे. पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होती. पाडव्याच्या सकाळी तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की क्षणभर मला परकं वाटलं.

पण त्यांचा शक आणि आपला शालिवाहन शक एकच, हे तिला ठाऊक असावं म्हणून मी हळू आवाजात सांगायला लागलो. तिनं ओठावर बोट ठेवलं. मी थांबलो. थोड्या वेळानं चंद्राच्या गणिताबद्दल सांगायचं राहिलं म्हणून पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं न बघताच हात वर केला.

नऊच्या सुमाराला मी खाली डोकावलो. आमची मंडळी हॉटेलच्या मागच्या अंगणात जमत होती. बायका नव्या लुगड्यांत, पुरुष टोप्या घालून. फरशी पुसायच्या दांड्याला कुणीतरी रेशमी साडी बांधली होती. वर कळंबहून आणलेला तांब्या पालथा घातलेला, साखरेची गाठी, आणि कडुलिंब म्हणून बागेतल्या कुठल्याशा झाडाची डहाळी. अण्णांच्या हातात नारळ. गुढी उभारायला निघाले होते! आता आरती होणार, कापूर पेटणार, नारळ फुटणार, शिवाय कुणाच्या तरी मोबाइलवर सनई वाजणार. माझं डोकंच फिरलं. मी दाराकडं निघालो. बायकोनं माझा हात घट्ट धरला आणि जोरजोरानं मान हलवली. मला वाटलं, ही भांडणाला भिते. मी हात सोडवून घेतला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मी सुरुवात केली. "अरे, लाज आहे का तुम्हाला? पाहुणे म्हणून आलात ना? यांचा एक दिवस, एक दिवस तरी तुमच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही?" मग मी थांबलोच नाही. न्येपी म्हणजे काय ते सांगितलं. झगे काढले, आरसा काढला, ताटलीतली गोळी काढली, फ्लेक्स काढला. मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या मुक्या बेटावर कुठवर गेला असेल कोण जाणे.

कुणीच उलट बोललं नाही. ते मला फार उशिरा लक्षात आलं. वीस माणसं गुढीभोवती उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द नव्हता. दिवा नव्हता, कापूर नव्हता. नारळ अण्णांनी अख्खाच गुढीच्या पायाशी ठेवला. हळदकुंकू लावून झालेलं होतं, तेही न बोलता. अण्णांची बायको माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवत होती, अगदी माझ्या बायकोसारखं.

तेवढ्यात फाटकातून दोन माणसं आत आली. कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र. ते गावाचे राखणदार. दिवसभर रस्त्यानं फिरून नियम मोडणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. गुढीकडं त्यांनी फक्त एकदा बघितलं. सरळ माझ्यापाशी आले. थोरल्यानं हात जोडले, मग एक बोट ओठावर ठेवून तसाच उभा राहिला. रागावलाही नाही. मी काही बोलायच्या आत अण्णा पुढं आले आणि माझ्या वतीनं त्यांनी हात जोडून, वाकून माफी मागितली.

वर आलो तर बायकोची खुर्ची तिथंच होती, पण तोंड भिंतीकडं केलेलं. दिवसभर ती बोलली नाही. तो नियम होता की राग, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेट पुन्हा बोलायला लागलं. मी म्हणालो, "मला वाटलं ते आरती करणार."

"म्या त्येंना आदल्या दिवशी समजावलं हुतं. त्येंनी ऐकलं." ती साड्यांच्या घड्या घालत होती. "छत्तीस वर्सं तुमचं ऐकलं. एक दिस मागितला हुता."

कळंबला परतल्यावर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. प्रत्येकानं झोक्याचं आणि आरशातल्या तळ्याचं तिखटमीठ लावून सांगितलं. अंगणातली गोष्ट मात्र एकानंही काढली नाही. ज्यांच्या पोटात चार शब्द राहत नाहीत असं मी जन्मभर म्हणत आलो, त्यांनी ती आजपर्यंत कुठंच काढलेली नाही. याबद्दल त्यांचे उपकार मानावेत हे मला कळतं, पण मला त्यांचा रागच येतो.

यंदाच्या पाडव्याला त्या सगळ्या बायकांनी मुका दिवस पाळायचं ठरवलं. अण्णांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. आदल्या संध्याकाळी बायकोनं माझ्यासाठी दोन भाकरी आणि पिठलं करून झाकून ठेवलं. मीही येतो, म्हणालो. ती चप्पल घालता घालता थांबली.

"तुमी घरीच थांबा," म्हणाली.

पाडव्याला मी दिवसभर एक शब्द बोललो नाही. चूल पेटवली नाही, दिवा लावला नाही, पिठलं थंडच खाल्लं. सगळा नियम अगदी काटेकोर पाळला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मला तिला हे सांगायचं होतं. ती हसत जिना चढली, ताक घुसळायला बसली आणि मी काय केलं ते तिनं विचारलं नाही.