काळी आडवी गेली, आधी तुम्ही!

मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, दिवसभर तूर सांडते. संध्याकाळी झाडून गोळा केली की गोणी भरते. किश्श्यांचंही तसंच. लातूरच्या मोंढ्यात डाळीचं दुकान चालवताना एकट्या काळ्या मांजरीचेच एवढे जमलेत, की ऐकणारे हसतात आणि माझं टाळकं सरकतं!

मांजरीचं नाव काजळ. विमलताई या रिटायर्ड नर्सबाई मोंढ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकून दिलेली मांजरं सांभाळतात, ही त्यातलीच. शेड गंगाधरआप्पांचं. आप्पा म्हणजे माझ्या शेजारचे पेंडवाले. त्यांनी ताईंना बजावलं, "बाकीची ऱ्हाऊ द्या. ती मनहूस काळी दिवाळीच्या आत गेली पाहिजे, न्हाईतर शेड खाली करा!"

ताई रडकुंडीला आल्या. हिच्यापायी सगळीच मांजरं रस्त्यावर येणार. मी म्हणालो, हिला घर मी शोधतो. माझ्या दुकानातच ठेवली असती, पण आमचा बोका दुसरं मांजर टिकूच देत नाही.

*

सौद्याची वेळ. काजळ गल्लीतून आडवी गेली. झालं! इकडून टेम्पो, तिकडून टेम्पो, मधे पाठीवर पोती घेतलेले हमाल. सगळे पुतळे! मांजर आडवं गेलं की आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचं, म्हणजे जे वाईट व्हायचं ते त्याचं होतं. एरवी शिवी दिल्याशिवाय वाट न देणारी माणसं म्हणायला लागली, "आधी तुम्ही!" "छे छे, तुम्ही मोठे!"

मी तणतणत मधून चालत गेलो. मागून आप्पांचा आवाज आला, "बरं झालं, शेठ गेले! चला रे आता!"

दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून हसून हात करायचा, आणि मनहूस कोण? तर मांजर!

*

जळकोटचा टेम्पोवाला आला. घरात उंदीर लई झालेत, मांजर पाहिजे. "कुठलंबी द्या, काळं सोडून."

त्याच्या टेम्पोला काळी बाहुली. पायात काळा दोरा. सोबतच्या लेकराच्या गालावर काळी तीट. मी बोट दाखवलं.

"अहो शेठ, ते नजर लागू न्हाई म्हणून!"

"मग ही तर अख्खीच काळी हाय!" मी ओरडलो. "घराला जन्मात नजर लागणार न्हाई!"

तो पांढरी घेऊन गेला.

*

शिरूर अनंतपाळच्या एक बाई काजळला घेऊन गेल्या. ताईंनी मला पेढा दिला. तो पचला नसेल तोवर बाई पिशवीसकट परत हजर. "हिला आणलं अन् मामंजी जिन्यावरून पडले."

"तेव्हा ही कुठं व्हती?"

"स्वयंपाकघरात. झोपली व्हती."

"आणि मामंजी?"

"मोबाईल बघत उतरून राहिले व्हते."

"मग मोबाईल परत करा ना, बाई!"

*

नांदेडच्या एका इंजिनिअरला फोन लावला. "काका, मी असलं काही मानत नाही. पण मिसेस मानते." मिसेसने फोन घेतला, "मी कुठं मानते? सासूबाई मानतात." सासूबाई आल्या, "मी कशाला मानू? पण शेजारचे काय म्हणतील?"

मी म्हणालो, "शेजाऱ्यांचा नंबर द्या!"

फोन कट!

*

सफारी सूट घातलेला एकजण मात्र स्वतःहून शेडवर आला. "काळीच पाहिजे. फक्त अमावस्येपुरती."

"अन् नंतर?" ताईंनी विचारलं.

त्यानं नुसतं पाकीट काढलं. ताईंनी काजळला उचलून पदराखाली घेतलं. "भाऊ, दार लावा. पोलिसांना फोन करते."

मी कडी घालेपर्यंत तो मला ढकलून पळाला. पायातला एक बूट इथंच राहिला. ताईंनी तो शेडच्या दाराला उलटा टांगलाय. मांजरांना नजर लागू नये म्हणून!

*

दिवाळी जवळ आली आणि काजळ तिथंच. शेवटी माझ्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर तिचा फोटो बघून शिल्पाचा फोन आला. शिल्पा म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक, नांदेडला शिक्षिका. "काका, ती काळी गेली का? मला पाहिजे. आप्पांना सांगू नका!"

ती यायच्या दिवशी मी काजळला दुकानापुढं खोक्यात आणून ठेवलं. दुपारी ती उठली, आळस दिला, आणि गल्ली ओलांडून पलीकडं जाऊन बसली. नेमके आप्पा स्कूटरवर. करकचून ब्रेक! पाय टेकवून उभे राहिले, मागून कुणी येतंय का बघत.

आली एक रिक्षा. आप्पांनी हसून हात केला, "जा, जा, पुढं हो!"

रिक्षा त्यांना ओलांडायला लागली, तेव्हा आत शिल्पा दिसली. तिच्या मांडीवर आप्पांची वर्षाची नात.

"थांब! थांब रे!"

स्कूटर आडवी टाकून, धोतर सावरत, तो साठी उलटलेला माणूस रिक्षाच्या पुढून गल्लीत असा पळाला, की हमालांनी पोती खाली ठेवली. पार काजळजवळ जाऊनच थांबला.

शिल्पा लेकीला घेऊन उतरली. "आप्पा, काय झालं?"

आप्पांना धाप लागलेली. माझ्याकडं बघितलं, हमालांकडं बघितलं.

"काई न्हाई गं. पाय मोकळे करून राहिलो."

"बरं. मग हिला धरा जरा." शिल्पानं काजळला उचलून त्यांच्या हातात दिलं. "दिवाळीपर्यंत आम्ही तिघी तुमच्याकडंच राहणार."