मांडवावरचा वाल

ज्युलिएटबाई वाक्रुळकरांना नवऱ्याचा राग यायला फारसं कारण लागत नसे. पण या ऑक्टोबरात कारण होतं, आणि ते लंडनमधल्या हेंडनच्या त्यांच्या घरामागे चांगलं आठ फूट उंच वाढलेलं होतं.

त्याचं मूळ योएलरावांच्या आळसात. दरवर्षी ज्यूंचा सुक्कोथचा सण आला की ते बागेत लाकडी चौकट उभी करत, वर हिरवा पाला घालत आणि सात दिवस त्याखाली बसून जेवत. शब्द मात्र त्यांनी रेवदंड्याच्या वडिलांचाच ठेवला होता: मांडव. बापजाद्यांचा सण, करा म्हणावं. पण सण संपल्यावर चौकट काढायला नको? गेल्या वर्षी "उद्या काढतो" म्हणता म्हणता डिसेंबरातला हनुका आला, बर्फ पडलं, वसंतातला पेसाखही होऊन गेला, आणि चौकट जागच्या जागी. बोलून बोलून ज्युलिएटबाईंचं तोंड दुखलं. शेवटी मे महिन्यात त्यांनी तिच्या पायथ्याशी वालाचे दाणे पेरले. मेलीचा काही उपयोग तरी होऊ दे.

वाल त्या कित्येक वर्षं लावत होत्या. उन्हाळ्यातला मोठा उपास बिरड्याने सोडायचा ही त्यांच्याकडची रीत, आणि ते बिरडं एकदा तरी आपल्या हातच्या वालाचं व्हावं एवढीच त्यांची हौस. पण इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे पाहुणा. बूट काढायच्या आत निघतो. वेल ऑगस्टभर विचार करी, सप्टेंबरात चार फुलं दाखवी आणि पहिल्या थंडीत मान टाकी. "दुकानात मिळतात की वाल," योएलराव म्हणत. मिळतात हो. दुकानात सगळंच मिळतं, अक्कल सोडून.

या वर्षी मात्र ऊन पडलं ते पडलंच. पाइपने पाणी घालायला बंदी आली, तेव्हा ज्युलिएटबाईंनी भाज्या धुतलेलं पाणी बादलीने नेऊन घातलं. वेल चढत गेला, जुलैअखेर त्याने सगळी चौकट झाकून टाकली. मग एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि चहा घेऊन खाली जाऊन बसल्या. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहिलेल्या बाई. बाग त्यांनी सिंकवरच्या खिडकीतून पाहिलेली, हातात घासणी घेऊन. बागेत नुसतं बसायचंही असतं, हे त्यांना बहात्तराव्या वर्षी कळलं.

त्यानंतर त्यांचा नेमच झाला. जांभळी फुलं आली, त्यांच्यावर गलेलठ्ठ भुंगे आले. सप्टेंबरात उन्हाचा रंग पिवळा झाला, सकाळी गवतावर कोळ्यांची जाळी दवाने पांढरी दिसू लागली, शेजारच्या सफरचंदाची फळं धपाधप पडू लागली. आणि वेलाला शेंगा धरल्या. चपट्या, जांभळ्या कडेच्या, झुबक्याझुबक्यांनी. पुढच्या उपासाच्या बिरड्यासाठी त्या वेलावरच वाळायला हव्या होत्या. आणखी दोन आठवडे ऊन, एवढंच मागणं होतं.

नेमके तेव्हाच योएलराव बागेत आले आणि त्यांनी वर पाहिलं.

"छान झालाय मांडव," ते म्हणाले. "पण चालायचा नाही."

"कोणाला चालायचा नाही?"

"मूळ जमिनीत असलेला वेल छपराला चालत नाही. तोडलेलाच पाला लागतो. हाच वेल बुडातून कापला, तर चालेल."

"म्हणजे देवाने जिवंत ठेवलाय तोवर चालत नाही, आणि मी मारला की चालतो?"

"नियम मी नाही केलेला, ज्युलिएट."

"नाही, तुम्ही फक्त चौकट वर्षभर ठेवलीत!"

मुलगा ॲलन मध्ये पडला. त्याने बांबूच्या चटया मागवल्या. वेल थोडा बाजूला सारून वर त्या टाकायच्या, झालं. सण सोमवारी संध्याकाळी लागणार. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला.

"मम, ती मॅट अजून आली नाही. ट्रॅकिंगवर डिलेड दाखवतंय. थर्सडेला डेफिनेटली."

थर्सडेला! योएलराव उठून बाहेर गेले. ज्युलिएटबाई तांदूळ धुवायला लागल्या आणि सहज खिडकीतून पाहिलं, तर कुंपणाच्या उंच लॉरेलच्या झाडाला शिडी लावलेली आणि शिडीवर हातात करवत घेतलेले योएलराव. वय एकोणऐंशी. खुबा याच वसंतात बदललेला.

ओल्या हातांनी त्या धावल्या. "अहो! उतरा. आधी खाली उतरा."

"छपरापुरत्या फांद्या आल्या हाताला. दोन मिनिटं."

शिडी हलली. दोन्ही हातांनी ती धरून ज्युलिएटबाई ओरडल्या, "उतरा म्हणते ना! कापते मी वेल!"

योएलराव इतके चटकन उतरले, की खुब्याचं दुखणं खरं किती आणि कौतुक किती, असं ज्युलिएटबाईंच्या मनात येऊन गेलं.

कात्री मात्र त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली नाही. बुडाशी बसून एकेक वेल स्वतः कापला, दात आवळून. योएलरावांनी नियमाप्रमाणे काठीने प्रत्येक वेल जरा उचलून पुन्हा ठेवला, म्हणजे पाला नव्याने घातल्यासारखा झाला. पहिल्या रात्री पानं ताजी होती. योएलरावांनी पेला हातात धरून खड्या आवाजात किद्दुशची प्रार्थना म्हटली आणि म्हणाले, "वडिलांचा मांडवही असा नव्हता गं." ज्युलिएटबाईंनी भाताचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली. तिसऱ्या दिवशी योएलरावांना सर्दी झाली. आजारी माणसाला मांडवातून सूट असते, हाही नियम निघाला. चौथ्या संध्याकाळी ते रेडिएटरला पाठ लावून, ब्लँकेट पांघरून, सूप घेऊन आत बसले.

ज्युलिएटबाईंनी कोट चढवला, आपलं ताट उचललं आणि एकट्या मांडवात जाऊन बसल्या. वर पानं कुरकुरत होती. त्यांनी हात उंचावून एक शेंग तोडली, सोलली. आत कोवळे दाणे, सुरकुतलेले. ना बिरड्याचे ना बियाण्याचे. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. काचेपलीकडे योएलराव फुंकर घालत सूप पीत होते, केवढेसे दिसत होते. सोमवारी शिडी निसटली असती तर ती खुर्ची आज रिकामी असती. हा विचार त्यांना मुळीच नको होता, पण तो आला आणि जाईना.

खिडकी उघडली. "ज्युलिएट, आत ये. बायकांना तर हा नियम लागूच नाही. कोणासाठी बसलीस कुडकुडत?"

"वेलासाठी," ज्युलिएटबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी मारलाय मी त्याला. त्याच्याखाली बसून कोणीतरी जेवायला नको?"

योएलरावांनी खुर्ची ओढत खिडकीशी आणली, सूपचा वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि डोकं बाहेर काढून जेवू लागले.

"अहो, हीटिंग चालू आहे! लावा ती खिडकी!" ज्युलिएटबाई ओरडल्या.

त्यांनी लावली नाही. आणि ज्युलिएटबाईंनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.