काळी केलेली कॅसेट

हे मी आजवर कोणापाशीही बोललेलो नाही. पत्नीपाशी नाही, ज्या सरांनी विश्वासाने कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली, त्यांच्यापाशीही नाही. आज तुमच्यापाशी बोलतो आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीतल्या एका मिशन कॉलेजात मी चित्रण आणि संकलनाचा अभ्यासक्रम करत होतो. मी औंधच्या एका शिक्षकाचा मुलगा. शिस्त घरातूनच आलेली. वर्गात आम्ही अकरा जण, एक कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि शीर्षके करण्यासाठी नुकताच आलेला एक संगणक. कॅसेटींचे कपाट माझ्याकडे होते. चित्रण झालेली कॅसेट हाती आली, की ती खाली ठेवण्याआधी तिला लेबल लावायचे — हा नियम माझा. तो मी इतरांना पुन्हा पुन्हा ऐकवत असे. मुले मला ‘मास्तर’ म्हणत, आणि मला ते आवडे.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. संकलनाआधी कोऱ्या कॅसेटवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता काळा पडदा रेकॉर्ड करावा लागे. त्याशिवाय तुकडे नीट जुळत नसत. याला आम्ही ‘कॅसेट काळी करणे’ म्हणत असू. त्या कॅसेटवर आधीचे काही असेल, तर ते कायमचे पुसले जाई.

माझा जोडीदार होता मिलिंद, कडेगावजवळच्या खेड्यातला. त्याच्या वडिलांनी — आण्णांनी — छप्पन साली, ऐन तारुण्यात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यानंतर गावात काय घडले, काय सोसावे लागले, हे त्यांनी घरात कधी उच्चारले नव्हते. मिलिंदच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी मात्र एका रविवारी ते कॅमेऱ्यासमोर बसले आणि चाळीस मिनिटे बोलले.

सोमवारी सकाळी मिलिंद पहिल्या एसटीने आला, तो धावतच.

“लय बोलला बाप, गड्या! आमच्या आईलाबी ठावं न्हवतं त्यातलं. घ्या मास्तर, आता तुमच्या तिजोरीत ठेवा.”

त्याच वेळी चॅपेलची घंटा झाली. प्रार्थनेला उशीर झालेला सरांना चालत नसे, मला तर मुळीच नाही. मी कॅसेट हातातून खाली ठेवली — लेबल न लावता — कोऱ्या कॅसेटींच्या चळतीवर.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. प्रार्थनेहून परतलो, आणि दिवसाचे पहिले काम म्हणून वरची कॅसेट उचलून काळी करायला लावली. दुपारी चळत मोजली, तेव्हा एक कोरी कॅसेट जास्त भरली. सकाळी काळी केली ती मिलिंदची होती.

इथवर ती चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते, असे मी पुढे स्वतःला किती वेळा समजावले! पण त्यानंतर मी जे केले, त्याला काय म्हणायचे?

संध्याकाळी मिलिंदने कॅसेट लावली. पडदा काळा. पुढे सरकवली — काळा. त्याने माझ्याकडे पाहिले. “असं कसं रं?”

आणि मी, अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात म्हणालो, “रेकॉर्डचे बटण नीट दाबले गेले नसेल. घाईत होते असे.”

“पर लाल दिवा लागला व्हता की...” तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “लागला व्हता का?”

ती शंका त्याच्या मनात मी घातली. तो मला जाणकार समजत होता, म्हणून ती तिथे रुजली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला वर्गासमोर निष्काळजी म्हटले. मी वहीत पाहत राहिलो. किल्ली जाईल, नाव जाईल — एवढीच भीती होती. एवढ्याशा भीतीसाठी?

येत्या रविवारी पुन्हा चित्रण करू, असे ठरले. मी मनात म्हटले — झाले, भरून निघेल. गुरुवारी आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि त्यांची वाचा गेली.

तरीही पुढे मिलिंदने मला गावी नेले. त्याला निदान त्यांचे चित्र हवे होते. आण्णा उशीला टेकून बसले होते. मी कॅमेरा सुरू केला. मिलिंद त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “आण्णा, चुकलं माझं. बटन दाबलं न्हाई मी.” त्यांचा डावा हात उचलला गेला, मुलाच्या डोक्यावर आला. ओठ हलले, घशातून नुसता आवाज निघाला.

मी चार पावलांवर उभा होतो. चौकट नीट होती, प्रकाश पुरेसा होता. कॅसेट संपेपर्यंत मी कॅमेऱ्यामागून हललो नाही, आणि बोललोही नाही.

आण्णा त्यानंतर वर्षभर होते. मिलिंद आजही भेटला की सांगतो, बापाचा आवाज त्याच्या हातून गेला.

तो माझ्या हातून गेला.